बाहेरचा एक्झॉस्ट घेताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन अंकांनंतर आलेल्या पत्रांत जपानी बनावटीच्या दमदार गाड्यांना बाहेरचा एक्झॉस्ट बसवण्याबद्दलचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यातले जे इतरांनाही उपयोगी पडतील असे निवडून उत्तरे देत आहोत.

माझ्याकडे २०१० ची होंडा सिव्हिक १.८ मॅन्युअल आहे. मागचा सायलेन्सर गंजून भोक पडलंय. एका दुकानाने '४-२-१ हेडर'पासून शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण सेट, तीन इंची पाइप, असं कोटेशन दिलंय. वीस बीएचपी ताकद वाढेल म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

घेऊ नका. ज्याने हे कोटेशन दिले त्याने तुमचे बॉनेट नीट उघडूनही पाहिलेले दिसत नाही. तुमच्या गाडीच्या आर१८ए इंजिनाला वेगळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या; हेडर त्याच्याच जागी बसतो) नसतोच. चारही सिलिंडरचे मार्ग हेडच्या ओतकामातच एकत्र येतात आणि त्या एका तोंडाला थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, बसतो. चाराचे दोन आणि दोनाचा एक करायला बाहेर चार नळ्या तर हव्यात! या गाडीसाठी हेडर म्हणून जे खपवले जाते तो कॅट काढून त्या जागी लावायचा पाइप असतो. तो लावलात की पीयूसीही गेली आणि इंजिनचा दिवाही लागला.

आता तीन इंचांचे. तीन इंच म्हणजे बाहेरून ७६ मिमी. दीड मिमी जाडीचा पत्रा धरला तर आतला व्यास ७३ मिमी आणि क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंमी. सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिमी पाइपाचे क्षेत्रफळ २३ चौरस सेंमीच्या आसपास. म्हणजे तेवढाच वायू १.८ पट मोठ्या वाटेने जाणार आणि त्याचा वेग त्याच प्रमाणात पडणार. टर्बो नसलेल्या १.८ लिटर इंजिनाला इतकी रुंद वाट लागतच नाही. पदरात पडतो तो फक्त घुमणारा, पोकळ आवाज. शिवाय इतका जाड पाइप मागच्या सस्पेन्शनजवळून नेताना तो खाली उतरतो आणि पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला घासतो. या गाडीला ५७ ते ६० मिमी पुरे. इंजिनात दुसरा काही बदल नसेल तर ६३.५ मिमीच्या वर जायचे कारण नाही.

वीस बीएचपी विसरा. कॅटच्या मागचा भाग बदलून अशा इंजिनाला मिळाले तर वरच्या आरपीएमला दोन-चार बीएचपी मिळतात. तुमचा सायलेन्सर तसाही बदलायचाच आहे, म्हणून चांगल्या मापाचा, चांगल्या पत्र्याचा कॅट-बॅक घ्या, म्हणजे कॅट जागेवर ठेवून त्याच्या मागचा मधला पाइप, रेझोनेटर (घुमणारा आवाज कमी करणारा डबा) आणि सायलेन्सर. मधला पाइप धड असेल तर नुसता मागचा सायलेन्सर बदलूनही भागेल.

पुण्यात हे काम बनवूनही घेता येते. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसी पट्ट्यात स्टेनलेसचे आर्गन वेल्डिंग रोज करणारे कसबी फॅब्रिकेटर आहेत. पण ऑर्डर देण्याआधी त्यांनी केलेला एखादा जोड हातात घेऊन बघा, आणि तोही आतून. मोबाइलचा टॉर्च लावा. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या शिलाईच्या आतल्या बाजूला काळी, खडबडीत, दाणेदार पपडी दिसली तर वेल्डिंग करताना पाइपाच्या आत आर्गन भरलेला नव्हता. तापलेल्या स्टेनलेसला आतून हवा लागली की असे होते. ती पपडी वायूला अडवते आणि पुढे जोड तिथूनच तडकतो. 'आतूनही गॅस सोडणार का?' हा प्रश्न विचारा. चांगला कारागीर त्यावर लगेच हो म्हणतो.

दुसरे बघायचे ते वळण. पाइप यंत्रावर आत मँड्रेल (आधाराचा दांडा) घालून वळवला असेल तर वळणातही गोलाई तशीच राहते. नुसता दाबून वळवला तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि नेमकी तिथेच वाट अरुंद होते. फॅब्रिकेटरकडे मँड्रेल नसेल तर तयार वळणे आणून सरळ पाइपाला जोडायला सांगा. पत्रा ३०४ दर्जाचा, १.२ ते १.५ मिमी जाडीचा घ्या. आणि फ्लेक्स पाइप, म्हणजे तो जाळीचा लवचीक तुकडा, अजिबात गाळू देऊ नका. तुमचे इंजिन आडवे बसलेले आहे. रेस दिली की ते पुढे-मागे झुलते. ती हालचाल फ्लेक्सने गिळली नाही तर ताण कॅटच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चपट्या कडेवर) येतो आणि काही महिन्यांत तिथे चीर पडते.

मित्सुबिशी लान्सर इव्हो एक्ससाठी जपानी कंपनीचा कॅट-बॅक बघतोय. कॅटलॉगमध्ये '९६ डेसिबलच्या आत, प्रमाणित' असं आहे. विक्रेता म्हणतो, जपानमध्ये चालतो म्हणजे इथेही कायदेशीर. मित्र म्हणतो, आपल्याकडे मर्यादा ७४ डेसिबल, म्हणजे हा बेकायदा. खरं कोणाचं?
— एक वाचक, वाकड

दोघांचेही नाही. ९६ आणि ७४ हे आकडे वेगवेगळ्या मोजणीचे आहेत, ते एकमेकांशेजारी मांडून चालत नाही.

जपानचा ९६ डेसिबल हा उभ्या गाडीचा आकडा. माइक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीला ठेवतात. इंजिन जिथे सर्वाधिक ताकद देते त्या आरपीएमच्या तीन-चतुर्थांशाला धरतात. तुमच्या गाडीची सर्वाधिक ताकद ६,५०० ला मिळते, म्हणजे मोजणी ४,८७५ च्या आसपास होते. आपल्याकडचा ७४ हा नव्या मोटारीच्या मंजुरीच्या वेळचा आकडा. त्यात धावती गाडी पूर्ण रेस देत माइकसमोरून जाते आणि माइक ७.५ मीटर दूर असतो. अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटरवर गेले की निव्वळ अंतरामुळेच आवाज २३-२४ डेसिबलने उतरतो. म्हणून ९६ चा सायलेन्सर मर्यादेपेक्षा २२ डेसिबलने जास्त, हा मित्राचा हिशोब चुकीचा.

पण म्हणून विक्रेता बरोबर ठरत नाही. जपानमध्ये एप्रिल २०१० पासून तयार झालेल्या गाड्यांच्या बाहेरच्या सायलेन्सरला धावत्या गाडीच्या आवाजाचीही चाचणी द्यावी लागते आणि मगच त्यावर प्रमाणपत्राची पट्टी लागते. ती पट्टी दर्जाची चांगली खूण आहे, पण आपल्या कायद्यात तिला स्थान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज किंवा धुराचे मानक मोडणारी गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. मालकाने नियमात न बसणारा बदल केला तर कलम १८२अ(४) प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. एफसी रोडवर थांबवलेल्या गाडीला जपानी कॅटलॉग दाखवून काही साधणार नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. मूळ सायलेन्सर चांगला असेल तर रस्त्यावरच्या गाडीला तोच राहू द्या आणि हौस ट्रॅकसाठी ठेवा. बदलायचाच असेल तर त्या कंपनीच्या यादीतला सर्वांत शांत प्रकार निवडा. रात्री अकराला सोसायटीत गाडी शिरताना वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाची झोप मोडत असेल, तर त्या एक्झॉस्टची किंमत शेजारी मोजत आहेत. आणि बदलल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने गाडीखाली वेगळा पाइप पाहिला की दाव्यात फाटे फुटतात.

तुलनेसाठी एक युक्ती सांगतो. मोबाइलवरच्या डेसिबल अॅपचा आकडा खरा धरू नका, पण त्याच मोबाइलने, त्याच जागी, वर सांगितलेल्या रीतीने आधीचा आणि नंतरचा आवाज मोजला तर फरक बऱ्यापैकी बरोबर कळतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

जपानहून वापरलेला एक्झॉस्ट लिलावात स्वस्त मिळतोय. मागवताना काय बघावं?
— एक वाचक, बाणेर

वापरलेला मागवूच नका. भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकी जुन्या मालाची आयात आपल्या परकीय व्यापार धोरणात 'निर्बंधित' आहे, त्याला डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. परवानगी नसताना आलेला खोका कस्टम्समध्ये अडकतो, मग दंड भरा नाहीतर माल सोडा.

नवा मागवताना दोन जागी लोक फसतात. पहिली जागा म्हणजे भाडे. कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतले जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागून काढतात. खोका १५० × ५० × ३० सेंमीचा असेल तर ४५ किलो होतात. आतला माल १६ किलोचा असला तरी भाडे ४५ चेच. म्हणून दोन-तीन तुकड्यांत येणारा एक्झॉस्ट घ्या आणि विक्रेत्याला खोक्याचे माप आधी विचारा. दुसरी जागा म्हणजे कर. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. मूळ शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), जो सुट्या भागांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. वर्गवारी ८७०८.९२ ही सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पाइपची. मूळ शुल्काचा त्या दिवशीचा दर कुरिअरच्या कस्टम एजंटकडून लेखी घ्या आणि मगच पैसे पाठवा.

गाडीचे नाव सांगून ऑर्डर देऊ नका, चॅसिस कोड द्या. एफडी१ आणि एफडी२ या दोन्ही सिव्हिक सेडानच, पण जपानी टाइप-आर एफडी२ ला के२०ए इंजिन आहे. तिचा एक्झॉस्ट आपल्या १.८ च्या पुढच्या फ्लँजला सरळ बसेल असे गृहीत धरू नका. फ्लँजच्या दोन बोल्टमधले अंतर, पाइपाचा व्यास आणि हँगरच्या (पाइप लटकवायच्या आकड्यांच्या) जागा यांची मापे गाडीखाली जाऊन घ्या आणि विक्रेत्याच्या आकृतीशी ताडून पाहा.

नकली मालाबद्दलही बऱ्याच जणांनी विचारले आहे. एचकेएस, फुजित्सुबो, तोमेई या नावांची नक्कल भरपूर होते. नुसते लोहचुंबक लावून निकाल देऊ नका. ३०४ ला ते जवळपास चिकटत नाही, पण ४०९ स्टेनलेसला चिकटते आणि ४०९ सुद्धा एक्झॉस्टसाठी रीतसर वापरले जाते. पट्टीवरचा क्रमांक, गॅस्केट आणि बोल्टची पाकिटे, बसवण्याची सूचनापत्रिका आणि आतून दिसणारी वेल्डिंग हे सगळे एकत्र बघा.

होंडा सिटी व्हीटेकला मागच्या वर्षी कॅट-बॅक बसवला. गावात छान वाटतो, पण एक्सप्रेसवेवर शंभरला, पाचव्या गियरमध्ये ३,००० आरपीएमला केबिनमध्ये असा घुमतो की लोणावळ्यापर्यंत डोकं दुखतं. आणि हल्ली आवाज वाढलाय असंही वाटतं.
— एक वाचक, हडपसर

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

घुमण्याचे आधी. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ३,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० हर्ट्झ. तेवढ्या कंपनाला केबिनमधली हवा आणि मागचे पत्रे साथ देऊ लागले की आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. त्यावर सायलेन्सरमध्ये आणखी काचलोकर कोंबून फारसा फरक पडत नाही, कारण ती वरच्या पट्टीचा आवाज शोषते, इतका खालचा नाही. इथे चालतो तो बंद टोकाचा पाइप. मुख्य पाइपाला फाटा काढायचा आणि त्याचे दुसरे टोक पूर्ण बंद करायचे. फाट्याची लांबी ध्वनिलहरीच्या चौथ्या भागाइतकी असली की त्यात जाऊन परत आलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडते आणि दोन्ही एकमेकींना मारतात.

लांबी काढायची तर गरम वायूतला ध्वनीचा वेग लागतो. २५० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४५८ मीटर प्रतिसेकंद. १०० हर्ट्झने भागला की लहर ४.५८ मीटरची, तिचा चौथा भाग १.१५ मीटर. पण फाट्यातला वायू वाहत नसल्याने थंड असतो. १०० अंशांना वेग ३८७ मीटर, म्हणजे लांबी ९७ सेंमी. खरी लांबी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी सापडते. म्हणून फॅब्रिकेटरला ११५ सेंमीचा फाटा करायला सांगा, शेवटचे झाकण नुसते टॅक मारून लावू द्या आणि एक्सप्रेसवेवर चालवून बघा. घुमणे ३,००० च्या खालीच कमी झाले असेल आणि ३,००० ला तसेच असेल तर दोन-तीन सेंमी कापा आणि पुन्हा बघा. जमले की झाकण पक्के करा. व्यास मुख्य पाइपाएवढाच ठेवा, फार बारीक केला तर परिणाम कमी होतो. सव्वा मीटर सरळ जागा गाडीखाली मिळत नाही, तेव्हा इंग्रजी जे सारखा वळवून मुख्य पाइपाला समांतर नेतात. पेट्रोलच्या टाकीपासून आणि हँडब्रेकच्या केबलपासून दोन-अडीच सेंमी तरी लांब असू द्या.

हल्ली वाढलेल्या आवाजाचे कारण बहुतेक आतल्या भरावात आहे. सरळ वाटेच्या सायलेन्सरमध्ये मधोमध भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर. गरम वायूच्या झोताने ती जळते, तुटते आणि भोकांतून बाहेर उडून जाते. टोकाचे रिव्हेट काढून उघडता येणारा सायलेन्सर असेल तर नवा भराव घाला. नळीभोवती आधी स्टेनलेसच्या लोकरीचा एक थर आणि त्यावर काचलोकर, असे केल्याने भराव जास्त टिकतो. सैल भरू नका, पण दगडासारखा ठासूही नका. सायलेन्सर वेल्ड केलेला असेल तर कापून, भरून पुन्हा वेल्ड करावा लागेल.

टायटॅनियम की स्टेनलेस?
— एक वाचक, कल्याणीनगर

पुण्यात रोज चालवायच्या गाडीला स्टेनलेस. टायटॅनियमची घनता साडेचार, स्टेनलेसची आठ, म्हणजे वजनात मोठा फरक पडतो हे खरे. पण एक मिमीचा टायटॅनियम पाइप बेसमेंटच्या रॅम्पवर घासून चेपला किंवा चिरला तर दुरुस्तीला आत-बाहेर पूर्ण आर्गन लागतो आणि ते काम चोख करणारे कमी आहेत. ट्रॅकवर वेळेच्या शर्यतीत उतरणार असाल तर मात्र त्याचे पैसे वसूल होतात.

बलेनो आरएसचा कॅट काढून सरळ डाउनपाइप (टर्बोमागचा पाइप) टाकला. चेक इंजिनचा दिवा लागला, अॅव्हरेज पडलं आणि पीयूसीवाल्याने परत पाठवलं. मेकॅनिक म्हणतो सेन्सरला स्पेसर लावू.
— एक वाचक, चिंचवड

स्पेसर, म्हणजे सेन्सरला धुराच्या झोतापासून जरा लांब धरणारा तुकडा, लावला की कॅट नीट चालत नसल्याचा पी०४२० हा कोड दडेल. टेलपाइपमधून निघणारा वायू तसाच राहील. तुमची गाडी बीएस-४ आहे. तिला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात, आणि २,५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण) ०.९७ ते १.०३. कॅटशिवाय इतके खाली येणे अवघड आहे, आणि जाऊ नये ते हवेत जाते हे पीयूसीपेक्षा मोठे. कॅट परत बसवा.

अॅव्हरेज कॅट काढल्याने सहसा पडत नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठेतरी जोड गळत असणार. गळत्या फटीतून एक्झॉस्टच्या दोन झोतांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो. प्लग काढून बघा, काळे पडले असतील तर खात्री पटेल. गॅस्केट नवे घाला. साधा सिलिकॉन लावून जोड बंद करू नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. टर्बो गाडीत आणखी एक भीती असते. मागचा अडथळा एकदम गेला की वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) बूस्ट, म्हणजे तो दाब, आवरत नाही आणि वरच्या आरपीएमला तो ठरलेल्या मर्यादेच्या पुढे चढत राहतो.

घरच्या पार्किंगमध्ये, दोघे मिळून कॅट-बॅक बदलायचा आहे. क्रम काय? आणि पहिल्या पावसात काय काळजी घ्यायची?
— एक वाचक, सिंहगड रोड

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी गाडी थंड असतानाच काम सुरू करा. नुसत्या जॅकवर गाडी तोलून खाली शिरू नका. जॅक पॉइंटखाली स्टँड लावा, चाकांना ठोकळे लावा आणि गाडीला बाहेरून हलवून बघा.

आधी मागचा जोड सोडा, मग पुढचा. हँगरचे रबर निघत नसेल तर साबणाचे पाणी लावून पिळत काढा, स्क्रूड्रायव्हरने फाडू नका. तडे गेलेली रबरे याच वेळी बदला. सेन्सर काढावा लागला तर त्याच्या आट्यांवरच निकेलची पेस्ट लावा, टोकाला बोटही नको. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर ४४ न्यूटन-मीटरला आवळतात.

नवा पाइप पूर्ण लटकवा, पण एकही बोल्ट आधी पक्का आवळू नका. इथेच जास्तीत जास्त लोक चुकतात. पुढचा जोड आधी आवळला की मागचे टोक वाकडे येते आणि मग ते ओढून रबरात बसवतात. तो ताण कायमचा राहतो आणि गाडी खडखडते. सगळे सैल असताना टोक बंपरच्या मधोमध आणा, चारही बाजूंनी १०-१५ मिमी मोकळी जागा सोडा, आणि मग पुढून मागे एकेक जोड आवळत या. टोक बंपरच्या कडेपेक्षा आत राहिले तर प्लास्टिक वितळते आणि धूर डिकीतून केबिनमध्ये ओढला जातो. काढलेले सगळे हीट शील्ड परत बसलेच पाहिजेत.

इंजिन थंड असतानाच चालू करा, एकाने टेलपाइपच्या तोंडाशी जाड फडके धरायचे, दुसऱ्याने जोडांवर साबणाचे पाणी मारायचे. बुडबुडे आले तिथे गळती. पहिली दहा-पंधरा मिनिटे निळसर धूर आणि वास येईल, तो पाइपावर राहिलेल्या तेलाचा. तो धूर बंदिस्त पार्किंगमध्ये साठू देऊ नका.

पावसाबद्दल म्हणाल तर बाहेरच्या पाण्याहून आतले पाणी जास्त नुकसान करते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. राजाराम पुलापर्यंत जाऊन परत आलात तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच साचते. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिमीचे भोक आहे का पाहा, मूळ सायलेन्सरला बहुधा असते. नसेल तर पाडून घ्या आणि चिखलाने बुजले नाही ना हे सर्व्हिसिंगला बघा. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा. पुराच्या पाण्यात टेलपाइप बुडेल अशा ठिकाणी गाडी घालू नका, आणि त्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नका.

शंभरेक किलोमीटर झाले की गाडी पूर्ण थंड करून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवे गॅस्केट तोवर दबलेले असते. पाच जण आणि सामान भरून एकदा कात्रजच्या दिशेने चक्कर मारा आणि खाली वाकून घासल्याच्या खुणा बघा. मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका. पंधरा वर्षांनी रि-पासिंगला आरटीओत गाडी न्यायची वेळ येईल तेव्हा तोच लागेल. त्यातले पाणी निथळून, तोंडाला कापड बांधून माळ्यावर ठेवा.